घरच्या घरी सक्युलंट टेरॅरियम : बाऊल उघडा, पाणी चमच्याने

टेरॅरियम, म्हणजे काचेच्या भांड्यातली छोटी बाग, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर झाकणवाली बरणी येते, पण ती फर्न आणि मॉससाठी. लंडनचे डॉक्टर वॉर्ड यांना 1829च्या सुमारास बंद बाटलीत आपोआप फर्न उगवलेलं दिसलं, तिथून हा प्रकार सुरू झाला, आणि फर्नला तो ओलावा मानवतोही. सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी रोपं, मात्र त्यात हमखास कुजतात. बहुतेक सक्युलंट पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे त्यांचं पाणी उडतंच कमी, त्यात वरून झाकण म्हणजे संपलंच. म्हणून आधी बाऊल बघा, तोंड 8-10 इंच, उथळ, उघडा. फिश बाऊल चालतो पण अरुंद तोंडाचा नको.

रोपं निवडताना घरातला उजेड बघा. फ्लॅटमध्ये ऊन कमी असेल तर पांढऱ्या पट्ट्यांचं झेब्रा हॅवर्थिया आणि गॅस्टेरिया घ्या, दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली आणि कमी उजेडात निभावणारी. गुलाबासारखी दिसणारी एचेवेरिया नर्सरीत सगळ्यात आधी डोळ्यात भरते, पण तिला भरपूर ऊन लागतं आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत ती लवकर सडते, सुरुवातीला नकोच. एका बाऊलला तीन-चार रोपं पुरे.

आता माती, खरं काम इथेच आहे. दोन भाग जाड रेती किंवा विटेचे बारीक तुकडे आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुंडीची माती. बांधकामाची रेती चालते, फक्त चहाच्या गाळणीने बारीक धूळ काढून टाका आणि गाळणीत उरलेले जाड दाणे बादलीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. समुद्राची वाळू नको, मीठ असतं.

तळाशी खडे घालायचे की नाही? दिसायला छान दिसतात, घाला हवं तर एक इंच, पण त्याने पाणी निचरतं असं समजू नका. बाऊलला भोकच नाही तर पाणी जाणार कुठे, आणि बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांत सहज उतरतही नाही, ते मातीतच धरून राहतं. त्यामुळे रोप वाचतं ते कमी पाण्याने, खड्यांनी नाही.

लावताना नर्सरीतलं रोप पिशवीतून काढून मुळांना चिकटलेलं कोकोपीट हलक्या हाताने झाडून टाका, हे बरेचजण करत नाहीत आणि मग वरची माती कोरडी दिसते पण आत गड्डा ओलाच असतो. तुटलेली मुळं सुकायला रोप दोन दिवस सावलीत तसंच ठेवा, मरत नाही. मग चमच्याने खड्डा करून बसवा, खालची पानं मातीत दबू देऊ नका, वरून बारीक खडी पसरा आणि पानांवरची धूळ पेंटिंगच्या कोरड्या ब्रशने झटका.

चार-पाच दिवस पाणी अजिबात नाही. नंतर प्रत्येक रोपाच्या बुडाशी दोन-तीन चहाचे चमचे, स्प्रे मारायचा नाही. पुढचं पाणी कधी, तर कबाबची काडी तळापर्यंत खुपसून बघा, कोरडी निघाली तरच, साधारण पंधरा दिवसांनी, जून ते सप्टेंबर त्याहूनही उशिरा.

पूर्वेची खिडकी उत्तम. दुपारचं कडक ऊन थेट काचेवर नको, आत तापतं. रोप लांबुडकं व्हायला लागलं तर उजेड कमी पडतोय, खिडकीजवळ सरकवा. आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून पुसा, आठवड्याने परत बघा.