आठवा स्पीकर जोडलाच जात नव्हता, कारण निघालं राउटरमध्ये

घरात सात वायरलेस स्पीकर नीट चालू, आठवा मात्र ॲपमध्ये येईना, आणि रात्री बंद केलेला एखादा जुना सकाळी गायब. सिस्टीमची लिमिट संपली म्हणावं तर ती ३२ ची. फॅक्टरी रीसेट, ॲप परत टाकणं, जागा बदलणं, सगळं करून पार वैतागलो.

शेवटी राउटरमध्ये डीएचसीपी (घरातल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्कचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, आपोआप वाटणारी सोय) बघितलं, रेंज १९२.१६८.१.१०० ते ११९, म्हणजे फक्त २० पत्ते, आणि फोन-टीव्ही-कॅमेरे धरून सगळे वाटून झालेले!

मग आधी सगळे स्पीकर प्लगमधून काढले, रेंजचा शेवट ११९ चा २४९ केला (त्यात प्रिंटरसारखा कुणाचा हाताने दिलेला फिक्स पत्ता येत नाही ना ते बघा, हे महत्त्वाचं), सेव्ह करून राउटर रीस्टार्ट, तो पूर्ण चालू झाल्यावर एकेक स्पीकर लावला, ॲपमध्ये दिसला की मगच पुढचा. आठही आले, आणि सकाळीही जागेवर होते.