कोरलवर गुडघे टेकणाऱ्यांनो, या चुका टाळा

बडोद्यात समुद्र नाही. आपण डायव्हिंगचे पहिले धडे स्विमिंग पूलमध्ये गिरवतो, आणि तिथेच एक वाईट खोड लागते: तोल गेला की पाय खाली टेकायचे. फरशीचं काही बिघडत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. मग हीच खोड घेऊन मंडळी अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराजद्वीपला, पाण्यात उतरतात. मी हे अगदी नवख्यांसाठी लिहीत नाही. नवखा घाबरलेला असतो, सांगितलेलं ऐकतो. ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला, लगेच पुढच्या ॲडव्हान्स्डचं कार्ड आलं, पंधरा-वीस डायव्ह झाल्या, अशांना मला बोलायचंय.

सगळ्यात मोठी चूक कमरेला बांधलेली असते. पाण्यात खाली जाता यावं म्हणून बांधतात ते शिसं, गरजेपेक्षा जास्त.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे पूलमध्ये जेवढं शिसं पुरतं त्यापेक्षा समुद्रात दोन-अडीच किलो जास्त लागतं. ‘जास्त लागतं’ एवढंच लक्षात ठेवून लोक चार-पाच किलो वाढवतात, कारण बोटीवर घाई असते आणि जड माणूस पटकन खाली जातो. खाली गेल्यावर तो भार सावरायला अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तीच हवा तिथे निम्मी होते आणि वर येताना पुन्हा फुगते. जेवढी हवा जास्त, तेवढे हेलकावे जास्त. शिवाय शिसं कमरेला आणि हवा छातीशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि पायात घातलेले रबरी पंखे, म्हणजे फिन, कोरलवरून खराट्यासारखे फिरतात.

चार वर्षांपूर्वी आमच्या दांडिया बाजारातला एक मुलगा बरोबर होता. पोहण्यात पटाईत. बोटीवर विचारलं, “वजन तपासलंस का?” म्हणाला, “काका, पूलमध्ये केलंय.” पट्ट्यात नऊ किलो होते. माझी चूक अशी की मी त्याला तिथेच थांबवलं नाही. चौदा मीटरवर त्याला क्लाउनफिशचा फोटो हवा होता. स्थिर राहता येईना, तेव्हा त्याने सरळ फांद्यांच्या कोरलवर गुडघे टेकले. पाण्याखाली आवाज स्पष्ट येतो. वाळकी काटकी मोडावी तसा कडकडाट मी पाच मीटरवरून ऐकला. तो दचकला, जॅकेटमध्ये हवा भरणारं इन्फ्लेटरचं बटण दाबून धरलं आणि निघाला वर. सात मीटरच्या आसपास त्याचा फिन माझ्या हाती लागला. हवा सोडायची मागची दोरी ओढून जॅकेट रिकामं केलं, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं त्याला पट्ट्याला धरून ठेवलं. तो वर येताना श्वास सोडत होता, म्हणून वाचला. श्वास रोखला असता तर फुगलेल्या हवेने फुफ्फुस फाटलं असतं.

मुलगा सुखरूप आहे. कोरलचं काय? फांद्यांचं कोरल चांगल्या पाण्यात वर्षाला फार तर दहा-पंधरा सेंटिमीटर वाढतं. गोल, धोंड्यासारखं दिसणारं जेमतेम एखादा. २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये पाणी तापून अंदमानचं कोरल पांढरं पडलं होतं. त्यातून जे सावरलं ते आपल्या गुडघ्याखाली मोडावं, हे मला सहन होत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. जामनगरजवळ नराऱ्याला ओहोटीत चालत जाऊन कोरल पाहिलेल्या बडोदेकरांना तो दगड वाटतो. तो जिवंत प्राणी आहे.

माझी पद्धत साधी आहे. सहलीतली पहिली डायव्ह संपली आणि पाठीवरच्या हवेच्या टाकीत ५० बार दाब उरला की पृष्ठभागावर जॅकेट पूर्ण रिकामं करायचं आणि नेहमीएवढा श्वास घेऊन थांबायचं. पाणी डोळ्यांशी आलं पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. भरलेल्या टाकीने केलेली परीक्षा फसवते, कारण डायव्हभरात जवळजवळ दोन किलो हवा आपण श्वासातून संपवतो आणि ॲल्युमिनियमची टाकी शेवटी वर ओढू लागते. किती किलो, कोणता सूट, गोडं पाणी की खारं, हे वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, बोटीवर वहीच उघडली जाते.

पुढचं काम श्वासाचं. उत्तरायणात पतंग उडवलेल्या माणसाला हे लवकर कळतं: ढील दिली की पतंग त्याच क्षणी वळत नाही. श्वास घेतल्यावर शरीर वर उचललं जायलाही दोन-तीन सेकंद लागतात. अधीर माणूस तेवढंही थांबत नाही, बटण दाबतो. बटण दाबायचंच तर टिचकीएवढं, मग थांबा, मग बघा. हे पाच-सहा संध्याकाळी पूलमध्ये फरशीपासून वीतभर वर तरंगून जमतं. त्याला दुसरा रस्ता नाही, आणि ॲडव्हान्स्डचं कार्ड तो रस्ता नाहीच.

बाकीचं थोडक्यात. रीफजवळ, म्हणजे कोरलच्या रांगेजवळ, पाय बेडकासारखे मारा, वाळू उडवू नका. हातमोजे घालू नका. घातले की हात लावावासा वाटतो. कासवामागे धावू नका. घरटं राखणारा टायटन ट्रिगरफिश मासा अंगावर आला तर वर न जाता आडवं निघा, कारण त्याची हद्द घरट्यापासून वरच्या बाजूला रुंदावत जाते. वीस मीटरवर हवा पृष्ठभागाच्या तिप्पट वेगाने संपते, तेव्हा टाकीतली हवा दाखवणारं गेज स्वतः पाहा, बडीने, म्हणजे जोडीदार डायव्हरने, विचारायची वाट पाहू नका. सनस्क्रीन थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा घट्ट सदरा, घाला.

आणि शेवटच्या दिवसाची डायव्ह. दिवाळीची सुट्टी संपत आलेली, उद्या सकाळी पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, विमान, आणि कुणीतरी म्हणतंच, “काका, एक छोटीशी करू, पैसा वसूल.” अनेक डायव्ह केल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास कोरडे गेले पाहिजेत; अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तिथे त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. एका गृहस्थांना मी नाही म्हटलं, तर ते बडोद्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चालेल. मी तिकिटं काढतानाच तो दिवस मोकळा ठेवतो. सकाळी सामान गोड्या पाण्यात धुवायचं, वही पूर्ण करायची, संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर चालायला जायचं.