गुण्या आधी तपासा, मग लाकडाला लावा

माझ्या पहिल्या कपाटाचं दार एका कोपऱ्यात घासायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट पडायची. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या परसदारी पडवी आहे, तिथं मी रविवारी सुतारकाम करतो. दोन रविवार बिजागऱ्या सोडण्यात आणि परत बसवण्यात गेले. शेवटी गल्लीतल्या मेस्त्रींना बोलावून आणलं.

“मामा, करवत तिरकी गेली काय?”

“करवतीचं ऱ्हाऊ दे. तुझा गुण्या आण बघू.”

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, जाड दांड्याला काटकोनात बसवलेलं पातळ पातं. मामांनी रंधा मारलेल्या फळीच्या कडेला गुण्याचा दांडा घट्ट टेकवला आणि पात्याच्या कडेनं बारीक रेष मारली. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेष मारली. खाली दोन्ही एकत्र, वर २०० मिलिमीटरवर चांगलं एक मिलिमीटर अंतर. पालथं केल्यामुळं चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्याचा खरा दोष अर्धा मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण माझं दार ६०० मिलिमीटर रुंद होतं, तिथं तोच दोष दीड मिलिमीटर झाला.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी आधी हेच सांगतो: गुण्या घ्यायला जाताना हातभर सरळ कडेची पट्टी आणि टोकदार पेन्सिल पिशवीत टाका, दुकानातच पालथा करून बघा. दुकानदाराला राग येत नाही. आला तर दुसरं दुकान बघा. पट्टीची कड सरळ आहे का हेही घरून बघून निघायचं. कागदावर तिच्या कडेनं रेष ओढा, पट्टी पलटी करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा ओढा. मधे फट दिसली तर कड बाकदार आहे, आधी रंधा मारा. पात्याच्या दोन्ही कडा तपासा. आतली बरोबर आणि बाहेरची चुकलेली, असा गुण्या माझ्या हातात आलेला आहे.

शिसवी दांडा, त्यावर पितळी पट्टी, असा गुण्या बघितला की मन ओढ घेतं. मलाही तो फार आवडतो. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, आणि आपल्याकडचा पाऊस, त्यात खानापूरच्या बाजूचा, थोडाथोडका नसतो. म्हणून पहिला गुण्या पूर्ण पोलादी घ्या, मशीन शॉपमध्ये वापरतात तो, सहा इंची. बेळगावात तो शोधत फिरावं लागत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळं अशी मोजमापाची हत्यारं इथल्या बाजारात असतातच. त्याच्या आतल्या कोपऱ्यात छोटी खाच असते, भुसा किंवा कडेचं कुसळ तिथं मावतं आणि दांडा नीट टेकतो.

दुसरा घ्यायचा तो बारा इंची कॉम्बिनेशन गुण्या. अमेरिकेत लॅरॉय स्टॅरेट यांनी १८७०च्या दशकात काढलेली ही युक्ती: डोकं पट्टीवर सरकतं, ९० आणि ४५ अंश दोन्ही मिळतात, खाचेची खोलीही मोजता येते. तपासताना स्क्रू आवळूनच तपासा. खोबणीत भुसा अडकला की चांगला गुण्याही खोटं बोलतो. प्लायवूडच्या अख्ख्या शीटला मात्र कुठलाच लहान गुण्या पुरत नाही. तिथं एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करा, तिरकं माप बरोबर ५ फूट आलं पाहिजे.

गुण्या बरोबर असला तरी दांडा कुठं टेकवता यावर सगळं आहे. रंधा मारून सरळ केलेली एक बाजू आणि एक कड ठरवा, त्यावर पेन्सिलीनं खूण करा, आणि सगळ्या रेषा तिथूनच मारा. कधी या कडेनं, कधी त्या कडेनं असं केलं की रेषा कोपऱ्यात भेटत नाहीत.

जपणं सोपं आहे, फक्त रोज करावं लागतं. गुण्या खिळ्याला टांगा, हातोडी-पटाशीच्या पिशवीत टाकू नका. एकदा फरशीवर पडला की पुन्हा रेषा मारून बघायच्याच. फेविकॉल लागला तर ओला असतानाच पुसा. मृगाच्या आधी पातळ तेलाचा हात फिरवा, पण वापरताना कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर तेलाच्या डागावर पॉलिश धरत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत दमट राहून गंज चढतो. गंज आलाच तर बारीक पॉलिश पेपर पात्याच्या सपाट बाजूवर चालवा. कडांना अजिबात लावू नका, कड झिजली की काटकोन गेला.

एल आकाराचा एकसंध पोलादी गुण्या बिघडला तर सुधारता येतो. कोन काटकोनापेक्षा कमी झाला असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ पंच (टोकदार पोलादी दांडी) ठेवून हलका ठोका, धातू पसरतो आणि कोन उघडतो. जास्त झाला असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ. एकेक ठोका, आणि प्रत्येक ठोक्यानंतर रेषा. माझा तो जुना गुण्या रिव्हेटचा, म्हणजे पातं दांड्याला रिव्हेटनं जोडलेला होता, तो असा सुधारत नाही. तो आता फक्त रंग ढवळायला आहे.

खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारं बाहेर निघतातच. तोवर पाऊस ओसरलेला असतो. त्या दिवशी हळदकुंकू लावायच्या आधी मी सगळे गुण्ये पुसून एकाच फळीवर पालथे करून बघतो आणि रेषांच्या शेजारी साल लिहितो. गेल्या वर्षी सहा इंचीच्या दोन्ही रेषा एकच दिसल्या.