मांजराच्या कानात काळा चुरा दिसतोय? बड घालायच्या आधी हे वाचा

चिंगीला मागच्या पावसाळ्यात लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखालून उचलून आणली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती आणि सारखी कान खाजवायची. मला वाटलं पिसवा असतील. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर कानात कॉफी पावडर सांडल्यासारखा काळा कोरडा चुरा, आणि मी सरळ इअरबड घेऊन बसले. तसं करू नका, अजिबात नको, का ते सांगते.

मांजराच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. बडने मळ बाहेर येत नाही, अजून खाली ढकलला जातो आणि वळणावर जाऊन घट्ट बसतो. मांजराने त्याच क्षणी डोकं झटकलं तर पडद्याला लागू शकतं.

आता मळ आहे की किडे हे कसं ओळखायचं? थोडासा फिकट तपकिरी मेणासारखा मळ, वास नाही, खाज नाही, तर तो नॉर्मल आहे, त्याला हातच लावू नका. निरोगी मांजराचे कान दर आठवड्याला साफ करायची गरज नसते, उगाच चोळून कातडी लाल होते. काळा चुरा, डोकं झटकणं, कानामागे खाजवून केस गेलेले, खपल्या, हे माइट्सचं म्हणजे कानातल्या बारीक किड्यांचं लक्षण. कापसाने बाहेरचा थोडा चुरा टिपून काळ्या कागदावर झटका आणि टॉर्चच्या उजेडात नीट बघत बसा, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके हलताना दिसले तर तेच. ओटोडेक्टिस सायनोटिस नाव त्याचं, कोळ्याच्या जातीतला किडा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. पण नाही दिसले म्हणजे नाहीत असं समजू नका. आणि मळ ओलसर असेल, आंबूस वास येत असेल तर ते फंगल किंवा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं, त्याचं औषध वेगळं. वरून दोन्ही जवळपास सारखंच दिसतं, म्हणून पहिल्यांदा वेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, दाखवाच. ते आत बघून पडदा शाबूत आहे ना हे तपासतात आणि मळ मायक्रोस्कोपखाली बघतात. पडदा फाटलेला असताना काही ड्रॉप्स आत गेले तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, त्यामुळे घरात कुत्र्याचे जुने ड्रॉप्स पडलेत म्हणून तेच घातले असं करू नका. खर्चाची अडचण असेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारा.

वेटने साफ करायला सांगितलं की मग असं करा. मांजराचे कान साफ करायच्या क्लीनरची बाटली पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करा, गार द्रव कानात गेला की मांजर पुढच्या वेळी बाटली बघूनच कपाटाखाली जातं. बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं टॉवेलात गुंडाळा, पुढचे पंजे आत, फक्त डोकं बाहेर. जमिनीवर बसून मांडीत घ्या, तिची पाठ तुमच्या पोटाला. कानाची पाळी हळूच वर धरा, बाटलीचं टोक कानाला न लावता द्रव सोडा आणि कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट बोटांनी चोळा, चुबुक चुबुक आवाज आला म्हणजे द्रव खालपर्यंत गेला. मग सोडा, डोकं झटकू द्या, भिंतीवर काळे शिंतोडे उडतील ते उडू देत, आतला मळ असाच वर येतो. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून टिपा, बोट जाईल तिथपर्यंतच. झालं की लगेच उकडलेल्या बांगड्याचा तुकडा, बिनमिठाचा, काटे काढून.

पण नुसत्या साफसफाईने माइट्स जात नाहीत हे नीट लक्षात घ्या. अंड्यातून साधारण 4 दिवसांत पिल्लू निघतं आणि अंड्यापासून मोठा किडा व्हायला जवळपास 3 आठवडे लागतात. मी पाचव्या दिवशी कान स्वच्छ दिसले म्हणून ड्रॉप्स थांबवले आणि पंधरा दिवसांत परत तोच काळा चुरा, वर आमचा मोठा बोका बंड्या पण खाजवायला लागला, बिचाऱ्याने खाजवून खाजवून कानामागे रक्त काढलं. तेव्हा कोर्स पूर्ण करा आणि घरातल्या सगळ्या मांजरांना, कुत्र्यालासुद्धा, एकाच वेळी औषध द्या, खाजवत नसले तरी. आता सेलामेक्टिनसारखी मानेवर सोडायची औषधं मिळतात, केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे जीभ पोचणार नाही तिथे. डोस वजनावर असतो आणि पिल्लू असेल तर वय नक्की सांगा, सगळी औषधं लहान पिल्लांना चालत नाहीत. कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला चुकूनही लावू नका, जीव जातो. अंथरूण गरम पाण्याने धुवून उन्हात टाका. आपल्याला काळजी नाही, हे किडे माणसावर घर करत नाहीत.

चाळीत सल्ले खूप मिळतात, हायड्रोजन पेरॉक्साइड घाल, व्हिनेगर घाल, लसणाचं तेल घाल. आधीच सोललेल्या कानात हे किती झोंबत असेल विचार करा. टी ट्री ऑइल तर मांजराला विषारी आहे. मावशी प्रेमाने सांगतात, त्यांना हो म्हणा पण घालू नका.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल गेला किंवा कानाची पाळी पाणी भरल्यासारखी फुगली तर थांबू नका, त्याच दिवशी न्या. पाळी फुगणं म्हणजे झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटलेली असते.

चिंगीचे कान आता आतून गुलाबी आहेत. दर रविवारी जेवून ती खिडकीत लोळत असते तेव्हा मी पाळी उलटून बघते आणि वास घेते, दहा सेकंदांचं काम, तिची झोपसुद्धा मोडत नाही.