उदारमतवाद अभ्यासायला घेताय? मग आधी हे वाचा

राज्यशास्त्रात एमए करणारे किंवा यूपीएससीला पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय) घेतलेले बरेच जण विचारतात की लिबरलिझम, म्हणजे उदारमतवाद, नक्की कुठून सुरू करू, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. क्लासच्या नोट्समध्ये जे तक्ते असतात ना, एका कॉलममध्ये व्यक्तिवाद आणि दुसऱ्यात समूहवाद, ते सगळ्यात आधी बाजूला ठेवा. त्यावरून असं वाटतं की लिबरल म्हणजे व्यक्तीच्या बाजूचे आणि बाकी सगळे समाजाच्या बाजूचे, पण खरं भांडण लिबरल लोकांच्या आपसातच आहे. व्यक्ती महत्त्वाची यावर त्यांचं एकमत आहे, तिला दाबतंय कोण यावर नाही. कुणी म्हणतं सरकार, कुणी म्हणतं गरिबी, कुणी म्हणतं घर, जात, समाज. कुठलाही लेखक हातात घेतला की आधी एवढंच शोधा, याला भीती कुणाची वाटतेय.

सुरुवात ब्रिटनपासून करा, तिथे हे भांडण एकदम स्वच्छ दिसतं. १८८४ मध्ये हर्बर्ट स्पेन्सर हा इंग्रज विचारवंत म्हणत होता की सरकारने कायदे करून लोकांच्या आयुष्यात घुसणं हा लिबरल विचारांचाच घात आहे, आणि १९११ मध्ये हॉबहाऊस हा दुसरा इंग्रज विचारवंत म्हणतो की उपाशी माणसाला नुसतं मोकळं सोडलं तर तो स्वतंत्र होत नाही. मधल्या काळात तिथल्या लिबरल सरकारने १९०८ ला म्हाताऱ्यांना पेन्शन आणली, १९११ ला कामगारांसाठी विमा आणला. म्हणजे दोन्ही बाजू स्वतःला लिबरलच म्हणवतायत! पुढे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डीलनंतर (१९३० च्या दशकातल्या मंदीतल्या सरकारी मदतीच्या योजना) लिबरल म्हणजे सरकारने हात द्यावा म्हणणारे, आणि ऑस्ट्रेलियात मात्र लिबरल पक्ष उजवीकडचा. त्यामुळे पेपरमध्ये उत्तर लिहिताना कुठला देश आणि कुठला काळ हे पहिल्या दोन ओळींतच सांगून टाका.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं १८५९ चं 'ऑन लिबर्टी' हे पुस्तक मात्र मूळच वाचा, सारांशावर भागवू नका. वाक्यं लांबलचक आहेत, वेळ लागतो, लागू दे. मिल फक्त सरकारविरोधी होता असं सगळे लिहितात, पण पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की समाजाचा दबाव हा सरकारी जुलमापेक्षाही वाईट असू शकतो कारण त्यातून सुटायला वाट कमी असते, आणि शेवटच्या प्रकरणात तोच मिल म्हणतो की मुलांना शिकवायची सक्ती सरकारने पालकांवर करावी.

आणि हे वाचल्यावर लगेच आपल्याकडे या, कारण मला तरी हा विषय खरा इथेच समजला. न्यायमूर्ती रानड्यांचं १८९२ चं पुण्यातल्या डेक्कन कॉलेजातलं भारतीय अर्थशास्त्रावरचं भाषण मिळवा. त्यात ते म्हणतात की इंग्रजी अर्थशास्त्रातला तो सुटा, स्वतःच्या फायद्याने चालणारा माणूस आपल्याकडे नाहीच, इथे माणसाची जागा कुटुंब आणि जात ठरवते. म्हणून उद्योगांना सरकारने मदत करावी असं म्हणणारे रानडे, आणि तरीही आपल्याकडच्या उदारमतवादाचं नाव काढलं की पहिले तेच. आता याच्या शेजारी बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण ठेवा. मसुद्यात गाव नाही तर व्यक्ती हे एकक मानलंय याचा आपल्याला आनंद आहे असं ते तिथे स्पष्ट सांगतात. गाव म्हणजे काय हे भोगलेला माणूस हे बोलतोय, त्यामुळे इथे व्यक्तिवादाला स्वार्थ म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग अमेरिकन विचारवंतांची तीन पुस्तकं, रॉल्सचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१), नोझिकचं 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' (१९७४) आणि सँडेलचं 'लिबरलिझम अँड द लिमिट्स ऑफ जस्टिस' (१९८२), सलग वाचा, पण सगळं नाही, रॉल्सची न्यायाची दोन तत्त्वं आणि त्यावरचे बाकी दोघांचे आक्षेप एवढं पहिल्या वाचनाला पुरतं. आयझाया बर्लिन या विचारवंताचं स्वातंत्र्याचे दोन प्रकार पाडणारं १९५८ चं व्याख्यान त्यानंतर घ्या, आधी घेतलं की परत तसाच दोन कॉलमचा तक्ता डोक्यात बसतो.

केस स्टडी हवी असेल तर एकच सांगते, ती नीट करा. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने धार्मिक पंथाच्या हक्काच्या आधारावर तो रद्द केला. आता इथे लिबरल कोण? समूहाला त्याचे व्यवहार ठरवू देणारं कोर्ट, की बाहेर काढलेल्या माणसाच्या बाजूने उभा राहिलेला कायदा? पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे आणि जातपंचायतींचे बहिष्कारही त्यात येतात. १९६२ च्या निकालात चार विरुद्ध एक असं मत पडलं होतं, तो एक म्हणजे सरन्यायाधीश सिन्हा. बहुमताचा निकाल आणि सिन्हांचं मत एकाच बैठकीत वाचा, दोन्हीकडे स्वातंत्र्याचाच मुद्दा आहे, आणि तुम्ही कुणाच्या बाजूने आहात आणि का, हे नोट्स न बघता स्वतःच्या शब्दांत एक पानभर लिहून काढा.