फोटो २०० × २३० करताना चेहरा फुगतो? या चुका टाळा

ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. बँकांच्या भरतीचे दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "दादा, फोटोत मी एवढी जाड का दिसतेय?" मुलगी असते काडीसारखी. घरी कोणीतरी तिचा फोटो दाबून चौकटीत बसवलेला असतो.

बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला २०० × २३० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे फोटोतले बारीक ठिपके) फोटो लागतो आणि फाइल २० ते ५० केबीची. मोबाइलवर काढलेला उभा फोटो समजा ३००० × ४००० आहे. दोन्ही उभेच, त्यामुळे फरक डोळ्यांना जाणवत नाही. पण मोबाइलची चौकट जास्त उंच असते. ती आहे तशी २०० × २३० मध्ये कोंबली की रुंदी १५ पट कमी होते आणि उंची १७ पटींहून थोडी जास्त. चेहरा जवळजवळ १६ टक्के रुंद होतो, गाल सुजल्यासारखे दिसतात.

म्हणून आधी कापायचं, मग लहान करायचं. २०० ला २३० म्हणजे रुंदीच्या १.१५ पट उंची. ३००० रुंदीला ३४५०. उंचीतले ५५० पिक्सेल काढून टाकायचे, तेही डोक्यावरच्या मोकळ्या भिंतीतून आणि खालच्या शर्टातून. केसांना आणि हनुवटीला कात्री लागता कामा नये. उरलेल्या ३००० × ३४५० ला १५ ने भागा, २०० × २३० हातात येतात.

विंडोजच्या पेंटमध्ये माउसने चौकट ओढताना खालच्या पट्टीवर तिची मापं दिसतात, त्यावर नजर ठेवून क्रॉप करा. मग रिसाइझमध्ये पिक्सेल निवडून आडव्या रकान्यात २०० टाका. 'मेंटेन आस्पेक्ट रेशो'ची (रुंदी-उंचीचं प्रमाण आहे तेच ठेवा) खूण असेल तर उभ्या रकान्यात आपोआप २३० येतं. तिथे २६६ किंवा २६७ दिसलं तर समजायचं, कापायचं राहिलंय. नेमकं याच वेळी बरेच जण खूण काढतात आणि २३० हाताने ठोकतात. सगळा घोळ तिथेच होतो. एखाद-दुसऱ्या पिक्सेलचा फरक असेल तर मात्र खूण काढून आकडा खुशाल दुरुस्त करा, तेवढ्याने चेहऱ्याला काही होत नाही.

स्टुडिओतला पासपोर्ट फोटो स्कॅन केला तरी सुटका नाही. ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) साधारण ४१३ × ५३१ पिक्सेल होतो. इथेही कापून उंची ४७५ वर आणावी लागते. आणि स्कॅन झाल्यावर नुसता डीपीआयचा आकडा बदलून पिक्सेल बदलत नाहीत. तो आकडा छपाईसाठी असतो.

"साइज कमी करून द्या" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठली साइज? पिक्सेल की केबी? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येकदा २०० × २३० अगदी बरोबर असतं, पण फाइल १२ केबीची होते आणि फॉर्म ती परत फेकतो. अशा वेळी लोक फोटो मोठा करत बसतात. तसं करू नका. पिक्सेल तेवढेच ठेवा आणि जेपीजी सेव्ह करताना क्वालिटीचा आकडा वाढवा. पेंटमध्ये ही सोय नाही, गिम्प किंवा इरफानव्ह्यू या फोटोच्या प्रोग्राममध्ये आहे. दरवेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात करा, कारण तीच जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की फोटो दर वेळी थोडा आणखी खराब होतो.

मूळ फोटो म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नव्हे. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच दाबला जातो. एकदा लहान झालेला फोटो ताणून मोठा केला तर फक्त धूसर होतो.

आयफोन फोटो एचईआयसी या वेगळ्या प्रकारात सेव्ह करतो. त्या फाइलला नाव बदलून जेपीजी म्हटल्याने ती जेपीजी होत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मोबाइलवर सरळ दिसणारा फोटो फॉर्ममध्ये आडवा पडला, तर एडिटरमध्ये उघडून फिरवून पुन्हा सेव्ह करा. फोन फोटो वळवत नाही, 'वळवून दाखवा' एवढी चिठ्ठी फाइलला जोडतो, आणि ती चिठ्ठी सगळेच वाचत नाहीत.

राहिली सही. १४० × ६०, म्हणजे ७ ला ३ अशी आडवी पट्टी, १० ते २० केबी. लोक अख्ख्या ए-फोर कागदाचा फोटो काढतात आणि तो १४० × ६० करतात. मधोमध मुंगी चिरडल्यासारखं काहीतरी दिसतं. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने मोठी सही करा, सहीला चिकटून ७ ला ३ ची चौकट कापा आणि मग लहान करा. अंगठ्याच्या ठशाला २४० × २४० लागतं. तिथे सरळ चौरस कापला की काम झालं.