अण्णांचा दिवस कसा मोजायचा

अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा फाइलीत असतो, पण ते कसे जगतायत हे त्यात नसतं. म्हणून मी वही घातली. तीत ‘ईक्यू-५डी’ या जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीची उत्तरं लिहायची. पाचच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी. शेवटी ० ते १०० च्या पट्टीवर आजची तब्येत.

वही भरायचा वार मात्र एकच ठेवा. डायलिसिसच्या संध्याकाळी अण्णा पार गळून जातात, दुसऱ्या दिवशी हुशारी येते. वार बदलला की तुलना फसते. आणि आकडा त्यांनाच सांगू द्या. मी मनात ४० धरले होते. अण्णा म्हणाले, "६५ लिही. आज पूजा बसून पूर्ण झाली." ते कारणही आकड्याशेजारी लिहा. लागोपाठ दोनदा आकडा घसरला, तर वही डॉक्टरांपुढे ठेवा.